फॅमिली बोट घ्यायचीय? लेक लेनिअरवरच्या एका अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

स्की, वेकबोर्ड (दोन्ही पाय अडकवून उभं राहायची एकच रुंद फळी) आणि ट्यूब (दोराने ओढायची हवा भरलेली गादी) या तिन्हींसाठी मिळून एकच बोट घ्यायची म्हटली की भांडण सुरू होतं ते बोटीमागच्या पाण्यावरून. स्की करणाऱ्याला मागचं पाणी सपाट हवं. वेकबोर्डवाल्याला उडी मारायला उंच, टणक लाट हवी. ट्यूबवर बसणाऱ्या पोरांना या दोन्हीशी काही देणंघेणं नसतं, त्यांना वळणं हवीत आणि किंचाळायला निमित्त हवं. तिन्ही गोष्टी शंभर टक्के करणारी बोट मिळत नाही. त्यामुळे आपल्या घरात पाण्यात कोण, किती वेळ असणार, हे आधी ठरवावं लागतं.

आम्ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, कमिंगला राहतो. लेक लेनिअर घरापासून हाकेच्या अंतरावर. चॅटाहूची नदीवर १९५६ साली पुरं झालेलं ब्यूफर्ड धरण आणि त्यामागे सुमारे ३८,००० एकरांचं पाणी. १९९६ च्या ऑलिंपिकची रोइंग याच तलावावर झाली होती. घरात चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, कॉलेजपासून स्की करणारा नवरा, आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून येणारे आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे. मार्चमध्ये आम्ही सेकंडहँड २२ फुटी व्ही-ड्राइव्ह (म्हणजे काय ते पुढे सांगते) बोट घेतली. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर टॉवर (दोर बांधायची उंच कमान), खाली तीन बॅलास्ट टाक्या (लाट मोठी करायला पाणी भरायच्या). आता ऑक्टोबर आहे, सीझन संपत आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या बोटीचा ब्रँड मुद्दाम सांगत नाही. मालिबू लाउडनला, मास्टरक्राफ्ट व्होनोरला, मूंबा आणि सुप्रा मॅरीव्हिलला बनतात. ही तिन्ही गावं पूर्व टेनेसीत एकमेकांच्या शेजारी आहेत. या सगळ्या कंपन्या बोटी चांगल्याच बनवतात. फरक पडतो तो बोटीला ढकलणारा पंखा (प्रोपेलर) कुठे आहे यानं, आणि शोरूममध्ये त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आम्ही पाहिलेल्या एका डीलरकडे सेल्समनने स्पीकर आणि लाइट्सबद्दल भरपूर सांगितलं. पंख्याबद्दल मी विचारल्यावरच तो बोलला.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला असतं, पण पंखा मागच्या भिंतीच्या बाहेर, पाण्यात चढायच्या फळीच्या अगदी खाली फिरतो. आउटबोर्डचंही तेच. इनबोर्डमध्ये पंखा आणि सुकाणू दोन्ही बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेच्या बरेच आत असतात. त्यातही दोन प्रकार आहेत. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या मधोमध बसतं आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) सरळ मागे जातो. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन मागे असतं, शाफ्ट आधी पुढे जातो आणि गिअरबॉक्समधून वळून मागे येतो, म्हणून बसायला मधली सगळी जागा मोकळी मिळते. व्होल्वो पेंटाचा पुढे तोंड केलेल्या पंख्यांचा फॉरवर्ड ड्राइव्हही एक पर्याय आहे. त्यात पंखे फळीपासून आत सरकतात आणि स्टर्नड्राइव्हचे बरेच फायदेही हाताशी राहतात. आमच्या बजेटमध्ये तशी चांगली बोट मिळाली नाही, एवढंच.

मुलं दिवसभर मागच्या फळीवरून पाण्यात उड्या मारणार, परत चढणार, बोर्ड घालणार, काढणार. म्हणून पंखा पोटाखालीच हवा, यावर मी ठाम होते. अर्थात तरीही कोणी मागे पाण्यात असेल तर आमच्याकडे इंजिन पूर्ण बंद होतं. नुसतं न्यूट्रलमध्ये ठेवणं चालत नाही. कारण फक्त पंखा नाही, धूरही आहे. इंजिन चालू असताना मागच्या फळीजवळ कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि मूल तिथे निवांत पाय सोडून बसलेलं असतं. हा नियम पाळायला मुलांना सुरुवातीला कंटाळा आला, पण आता धाकटा पाहुण्यांनाही दटावतो.

आता ट्यूबबद्दल. बोट घेताना सगळे वेकबोर्डच्या लाटेबद्दल बोलतात, पण प्रत्यक्षात आमच्याकडे सर्वांत जास्त तास गेले ते ट्यूबमागे. पाहुणे आले की ट्यूब, वाढदिवस आला की ट्यूब. दोन गोष्टी इथे खरंच महत्त्वाच्या आहेत. ट्यूबचा दोर टॉवरला कधीही बांधायचा नाही. टॉवर एका माणसाच्या ओढीसाठी असतो. ट्यूब पाण्यात घुसली की ओढ कितीतरी पटीनं वाढते आणि उंचावरून ओढल्यामुळे बोटीचा तोलही जातो. मागच्या भिंतीवर खाली जी कडी असते, तीच वापरायची. दुसरं म्हणजे दोर वेगळा हवा. दोघांच्या ट्यूबसाठी २,३७५ पौंडांचा आणि चौघांच्या ट्यूबसाठी ४,१०० पौंडांचा दोर मिळतो. स्कीचा बारीक दोर ट्यूबला लावला आणि तुटला, तर तो थेट बोटीतल्या माणसांच्या तोंडावर येतो.

वेग धाकट्यासाठी ताशी १२ ते १५ मैल. बोट वळली की ट्यूब बाहेर फेकली जाते आणि तिचा वेग बोटीपेक्षा जास्त होतो, हे चालवणाऱ्याने सतत डोक्यात ठेवायचं. धक्का किंवा घाट जवळ असेल तर वळणच घ्यायचं नाही. जॉर्जियात तसाही धक्क्यापासून, किनाऱ्यावरच्या घरांपासून आणि थांबलेल्या बोटींपासून १०० फुटांच्या आत फक्त अगदी संथ वेगानेच जाता येतं.

मागे लक्ष ठेवायला बोटीवर कोणीतरी असावं किंवा मोठा आरसा असावा, असा इथला नियम आहे. आमच्याकडे आरसा आहे आणि आई पण आहेत. पहिल्याच आठवड्यात त्या सगळ्या खुणा शिकल्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे परत घरी, गळ्यावरून हात फिरवला म्हणजे इंजिन बंद. मागे तोंड करून, रेलिंग धरून बसतात आणि नातवाची खूण दिसली की ड्रायव्हरकडे न बघता मोठ्यांदा सांगतात, "अंगठा खाली! हळू घे रे!" नवरा त्यांच्या आवाजावरच थ्रॉटल (वेगाचा दांडा) ओढतो. या कामात त्यांच्याइतकी एकाग्र व्यक्ती आमच्या बोटीवर दुसरी नाही.

वेकबोर्डसाठी ही बोट अगदी योग्य ठरली. मुलीला शिकवताना बॅलास्ट टाक्या रिकाम्या, वेग ताशी १६-१८ मैल आणि दोर थोडा आखूड ठेवला. आखूड दोरावर लाटेची रुंदी कमी असते, त्यामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणं सोपं पडतं. जीपीएसवर चालणारं स्पीड कंट्रोल असेल तरच बोट घ्या, असं मी म्हणेन. हाताने थ्रॉटल सांभाळला की वेग सारखा वर-खाली होतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. पाण्यातून उठताना गुडघे छातीशी, हात सरळ, आणि बोटीला ओढू द्यायचं. ड्रायव्हरने एकदम थ्रॉटल मारला तर हँडल हातातून जातं. मुलगी उभी राहायला लागल्यावर आम्ही टाक्या अर्ध्या भरल्या. तेवढ्याने लाट चांगली मोठी होते आणि ती ओलांडून जायला लागली तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. पूर्ण टाक्या भरायची वेळ फार कमी आली.

स्कीच्या बाबतीत मात्र तडजोड आहेच. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन पहिल्यांदा पाण्यावर स्की घालून उभा राहिला, तेव्हापासून या खेळाला हवंय ते सपाट पाणी. टाक्या पूर्ण रिकाम्या, दोन माणसं पुढे बसवलेली आणि वेग ताशी ३० मैलांच्या आसपास असेल तर आमच्या बोटीची लाट नवऱ्याला चालते. त्यापेक्षा हळू, म्हणजे नवशिक्याच्या २२ मैलांवर, लाट उलट मोठी होते आणि नवशिक्यालाच ती टोचते. तुमच्या घरात रोज सकाळी स्लॅलम (एकाच स्कीवर वळणं घेत जाणं) करणारं कोणी असेल, तर व्ही-ड्राइव्हच्या नादी लागू नका. डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, आणि मधोमध इंजिनची पेटी येते तिच्याभोवती बसायची सवय करा.

व्ही-ड्राइव्हचे तोटेही मनापासून सांगते. मागे घेताना सुकाणूला बोट जवळजवळ ऐकत नाही, मागचा भाग एकाच बाजूला ओढला जातो. धक्क्याला लावताना ती बाजू ओळखून तिचाच उपयोग करून घ्यायचा. पंखा आणि शाफ्ट वर उचलता येत नाहीत, त्यामुळे पाणी उतरलेल्या दिवसांत उथळ भाग दाखवणाऱ्या खुणांपासून लांबच राहायचं. आणि पुढचा भाग बसका असतो. शनिवारी दुपारी धरणाच्या बाजूला मोठ्या क्रूझर बोटी फिरतात, त्यांची लाट समोरून आली तर पाणी थेट पुढच्या सीटवर येतं. पुढे बसलेल्यांना मागे बोलवून वेग कमी करायचा. लांब फिरणं आणि खवळलेलं पाणी हेच तुमचं जास्त असेल, तर खोल व्ही आकाराच्या तळाची स्टर्नड्राइव्ह जास्त सुखाची. आम्ही शक्यतो सकाळी सातला पाण्यात असतो.

ओढायच्या कामात पेट्रोल तासाला चार-पाच गॅलन जातं, बॅलास्ट टाक्या भरल्या की त्याहून बरंच जास्त. मरीनावर गॅलनमागे रस्त्यापेक्षा जास्तच पडतं. १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, १५ टक्क्यांचं बोटीत घालायचं नाही.

आपल्या मंडळींसाठी एक खास मुद्दा. आपल्याकडे घरोघरी होंडाची ओडिसी नाहीतर पायलट गाडी असते. ओडिसीची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड, ऑल-व्हील ड्राइव्ह पायलटची ५,०००. बोट, ट्रेलर आणि पेट्रोलने भरलेली टाकी मिळून आमचं वजन ५,५०० च्या वर जातं. म्हणजे बोटीबरोबर गाडीचाही खर्च धरा, किंवा तलावाजवळ स्टोरेज घेऊन वजन ओढायचं काम थोड्या अंतराचं असलं तरी योग्य क्षमतेची गाडीच वापरा. बऱ्याच सोसायट्यांत ड्राइव्हवेवर बोट ठेवू देत नाहीत, हेही आधी वाचून घ्या. आम्ही महिन्याच्या भाड्यावर स्टोरेज घेतलंय.

सेकंडहँड घेताना इंजिनचे तास बघा, पण त्याहून जास्त देखभालीचा इतिहास बघा. दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा ऑइल, दर वर्षी पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर, आणि थंडीआधी इंजिन ब्लॉकमधलं पाणी काढणं, हे झालंय का त्याच्या पावत्या मागा. जॉर्जियातही पाणी गोठतं आणि ब्लॉकला तडा गेला तर इंजिनच जातं. मान्यताप्राप्त मरीन सर्व्हेअरला पैसे देऊन बोट तपासून घ्या. आमच्या सर्व्हेअरने टॉवरच्या पायाशी जेलकोटला (बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराला) गेलेल्या बारीक भेगा आणि ट्रेलरचे ब्रेक दाखवले, त्यावर किंमत खाली आली. नवीन २२ फुटी वेकबोट आज लाख डॉलरच्या पुढे जाते. पहिल्या बोटीसाठी एवढे पैसे घालायची गरज मला तरी दिसत नाही.

रोजच्या सवयींत दोन गोष्टी आमच्याकडे पक्क्या आहेत. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनच्या पेटीत साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर टाकणारा पंखा) चार मिनिटं. आणि ड्रायव्हरच्या अंगाला किल-स्विचची (ड्रायव्हर जागेवरून पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी. एप्रिल २०२१ पासून २६ फुटांच्या आतल्या बोटींना, जिथे हा स्विच बसवलेला आहे तिथे, केंद्राच्या कायद्यानेही ती बंधनकारक आहे. १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट, आणि ओढल्या जाणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो.

टेस्ट राइडला जाताना घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, आजी-आजोबांनाही. आपली लाइफ जॅकेट्स, ट्यूब, बोर्ड आणि दोर बरोबर न्या. सगळे बसल्यावर बोट वेग घेऊन किती पटकन पाण्यावर वर येते, मागची फळी मुलांना चढायला सोपी आहे का, मागे घेताना कशी वागते, हे तिथेच बघा. विकणारा पाण्यात माणूस उतरवू देत नसेल, तर पुढची बोट बघायला निघा.