पर्यावरणविषयक मोहिमेसाठी स्थिर चित्र, ॲनिमेशन, आलेख की कृत्रिम बुद्धिमत्ता?

महाविद्यालयाचे निसर्ग मंडळ, गृहनिर्माण सोसायट्यांचा महासंघ किंवा नदीसाठी काम करणारा एखादा गट पर्यावरणाच्या प्रश्नावर मोहीम हाती घेतो, तेव्हा जमलेला निधी बहुधा एकाच प्रकारच्या डिजिटल कामाला पुरेल इतका असतो. त्यामुळे चित्रमालिका काढून घ्यावी, छोटा ॲनिमेशनपट करावा, आकडेवारीचे आलेख मांडावेत की कृत्रिम बुद्धिमत्तेकडून झटपट चित्रे तयार करून घ्यावीत, हे आरंभीच ठरवावे लागते. अशा बैठकांत चर्चा हमखास ‘काय जास्त व्हायरल होईल’ या प्रश्नावर अडकते. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे: ही मोहीम कोणाकडून नेमकी कोणती कृती मागते आहे?

स्थिर चित्राचे बळ समजून घ्यायचे असेल तर गोव्यातील मोले येथील लढ्याकडे पाहावे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या परिसरातून जाणारे रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि ४०० केव्ही क्षमतेची वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये जनमत उभे राहिले, ते ऐन टाळेबंदीत. सभा घेणे किंवा जंगलात फेरी काढणे शक्य नसल्याने मोहिमेचा मोठा भाग पडद्यावर आला. वन्यजीव अभ्यासक नंदिनी वेल्हो आणि चित्रकार स्वभू कोहली यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने शास्त्रीय माहिती आणि चित्रकला एकत्र आली, अनेक चित्रकारांनी तिथल्या प्राण्यांची, वृक्षांची आणि पाण्याच्या वाटांची चित्रे काढली आणि ती हातोहात पसरली. प्रत्येक चित्राला जोडून एक ठोस मागणी करता येत होती, ती म्हणजे संबंधित खात्याला पत्र पाठवण्याची. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्याचे श्रेय चित्रांना देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल, कारण तो निर्णय न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अहवालाच्या आणि कायदेशीर युक्तिवादाच्या आधारे झाला. चित्रांनी वेगळे काम केले: ज्यांनी मोलेचे जंगल कधी पाहिलेही नव्हते, त्यांना तिथे कोण राहते हे कळले आणि न्यायालयाबाहेर हा विषय दोन वर्षे जिवंत राहिला.

असे काम स्थिर चित्राला जमते याची कारणे व्यावहारिक आहेत. एकच फाइल मोबाइलवर फिरते, तीच मोठ्या आकारात छापून फलक होते आणि मुलांसाठी रंगवायचे चित्रही होते. ती उघडायला वेगवान इंटरनेट लागत नाही आणि एका चित्रात चूक आढळली तर ते तासाभरात दुरुस्त करून पुन्हा पाठवता येते. क्रिटा आणि इंकस्केप ही चित्रे काढण्याची मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात, त्यामुळे चित्रकार स्वयंसेवक असेल तर खर्च नगण्य राहतो. मूळचे नागपूरचे आणि शिक्षणाने दंतवैद्य असलेले व्यंगचित्रकार रोहन चक्रवर्ती यांची ‘ग्रीन ह्यूमर’ मालिका पाहिली, तर विनोद आणि जीवशास्त्रीय अचूकता एकाच चौकटीत कशी नांदते हे ध्यानात येते. त्यांचा पक्षी ओळखू येतो, आणि हसू येते ते त्यानंतर.

स्थिर चित्र तोकडे पडते ते प्रक्रिया समजवायची असते तेव्हा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचे घरच्या घरी विसर्जन हे याचे चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीत मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवली जाते, द्रावण अधूनमधून ढवळले जाते आणि छोटी मूर्ती साधारण ४८ तासांत विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा साका उरतो, तर वरच्या द्रवातील अमोनियम सल्फेट खत म्हणून वापरता येते. पोस्टरवर हे चार ओळींत लिहिता येते, पण वाचणारा सुचवलेले रसायन सोडून सहज स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा वापरतो. ॲनिमेशनमध्ये बादली, पुडी, बुडबुडे आणि खाली बसणारा साका असा क्रम डोळ्यांसमोर घडतो. पुडीवरचे नाव दोन सेकंद मोठे करून दाखवले की नेमकी ती चूक टळते. नदीत सांडपाणी कुठून येते, भूजल कसे खाली जाते, कचराभूमीतून झिरपणारे पाणी विहिरीपर्यंत कसे पोहोचते, असे डोळ्यांना न दिसणारे विषयही याच गटातले.

मात्र ॲनिमेशनची किंमत आधी मोजावी. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला १२ रेखाटने धरली, तरी अर्ध्या मिनिटाच्या पटासाठी ३६० रेखाटने लागतात. कापलेले आकार सरकवून केलेले साधे मोशन ग्राफिक स्वस्त पडते आणि लहान गटांनी तेच निवडावे. लोक बस-लोकलमध्ये आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून निवेदनावर विसंबू नये. मराठी अक्षरे पडद्यावर असलीच पाहिजेत. याहून मोठी अडचण दुरुस्तीची आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती घडवण्यास मुभा दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करायचे तर न्यायालयाची परवानगी लागेल असे सांगितले. पुढच्याच महिन्यात सहा फुटांहून उंच मूर्तींसाठी सवलत आली. ज्यांच्या ॲनिमेशनमध्ये नियम निवेदनात गुंफला होता, त्यांना ध्वनिमुद्रण पुन्हा करावे लागले असते. पोस्टरवाल्यांना एक ओळ बदलून भागले असते. तेव्हा ॲनिमेशन करायचेच असेल तर त्यात रसायनशास्त्र ठेवावे आणि नियम सोबतच्या मजकुरात द्यावा.

आलेखांचे क्षेत्र निराळे आहे, कारण त्यांचा प्रेक्षक शंका घेणारा असतो. रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१६ मध्ये जागतिक तापमानवाढीचे फिरते सर्पिल तयार केले आणि त्याची एक आवृत्ती त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात झळकली. २०१८ मध्ये त्यांनीच निळ्यापासून लाल रंगापर्यंतचे उभे पट्टे मांडले, ज्यात एक पट्टा म्हणजे एक वर्ष असतो, निळा म्हणजे थंड आणि लाल म्हणजे उष्ण, आणि आकडा कुठेच नसतो. सर्पिल पाहताना थक्क व्हायला होते, पण ते पाहायला पडदा लागतो. पट्टे मात्र गळपट्ट्यावर, भिंतीवर आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही गेले. निरनिराळ्या देशांचे पट्टे विनामूल्य उतरवून घेता येतात. महापालिकेच्या प्रभाग समितीसमोर किंवा अभियंत्यांच्या सभेत असा आलेख कोणत्याही चित्रापेक्षा जास्त काम करतो. भाजी मंडईत तो निरुपयोगी आहे. शिवाय आकडे मोहिमेचे स्वतःचे असतील तर ते कोणी, कुठे आणि कसे मोजले हे चित्रावरच लिहावे लागते. नाहीतर पहिलाच विरोधक ते मोडीत काढतो.

मोबाइलचा कॅमेरा रोखल्यावर समोर देवमासा तरंगताना दिसावा, अशा संवर्धित वास्तवाच्या कल्पना प्रायोजकांना फार आवडतात. संग्रहालय किंवा मोठे प्रदर्शन हाताशी नसेल तर त्यांच्या नादी लागू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांचा मोह सर्वांत मोठा आहे, कारण ती मिनिटभरात आणि जवळपास फुकट मिळतात. धुराची पार्श्वभूमी किंवा केवळ रंगसंगतीचे नमुने चित्रकाराला दाखवण्यापुरती ती उपयोगी पडतात. जागा आणि प्रजाती जिथे महत्त्वाच्या आहेत तिथे ती वापरू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. ठाणे खाडीचे उदाहरण घ्यावे. तिथले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. या खाडीत प्रामुख्याने तिवर हा खारफुटीचा प्रकार वाढतो, ज्याची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर येतात. यंत्राला खारफुटीचे चित्र काढायला सांगितले की ते बहुतेक वेळा कमानदार आधारमुळांचे कांदळ, म्हणजे खारफुटीचा दुसराच प्रकार, काढते आणि त्यात कॅरिबियन बेटांवरचे गडद नारिंगी-लाल फ्लेमिंगो उभे करते. सामान्य वाचकाला हे जाणवणार नाही, पण खाडीतला कोळी आणि पक्षिनिरीक्षक पहिल्या नजरेत ओळखतील, आणि मोहिमेला साक्षीदार म्हणून हीच माणसे हवी असतात. प्रदूषणाचे दृश्य यंत्राकडून बनवून घेणे तर त्याहून धोक्याचे, कारण एक बनावट फोटो उघडकीस आला की खरे दहा फोटोही संशयाच्या फेऱ्यात सापडतात.

माध्यम कोणतेही निवडले तरी अक्षरांकडे दुर्लक्ष करू नये. व्हॉट्सॲपवरून जाताना चित्र दाबले जाते आणि बारीक मजकूर पुसट होतो, म्हणून चित्रावर एकच ठळक ओळ ठेवून बाकीचे खाली लिहावे आणि छपाईची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. मुक्ता आणि बलू हे फाँट विनामूल्य आहेत, तर तिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात.

आता गटाला तीनच महिने आणि मोजके पैसे उपलब्ध असतील, तर मी सहा ते आठ स्थिर चित्रांची मालिका आधी करीन, त्यात एक आलेख अधिकाऱ्यांसाठी राखीन आणि ॲनिमेशनचा विचार मालिकेवर लोकांनी विचारलेले प्रश्न हाती आल्यावरच करीन, कारण कोणती पायरी लोकांना कळलेली नाही हे त्या प्रश्नांतूनच समजते. चित्रकाराशी लेखी बोलणे मात्र पहिल्या दिवशी व्हावे. मोबदला न घेता काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत नमूद केली नाही तर ती पाच वर्षे, व प्रदेश नमूद केला नाही तर तो केवळ भारत, असे धरले जाते. म्हणून इतर गटांना चित्र वापरता येईल का, त्यात बदल करता येईल का, त्यावर चित्रकाराचे नाव कुठे येईल आणि स्तर वेगळे असलेली मूळ फाइल कोणाकडे राहील, या चार गोष्टी साध्या मराठीत एका पानावर लिहून दोघांनी सही करावी.