जेट बोटीच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल की १५डब्ल्यू-४०? हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

लांबची फुल थ्रॉटल फेरी मारून स्लोवर आलो आणि ऑइल प्रेशरचा बझर वाजायला लागला. थ्रॉटल थोडा दिला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. इंजिन ७.४ लिटरचं बिग ब्लॉक व्ही-८, कार्ब्युरेटरवालं, फ्लॅट टॅपेट कॅमचं (म्हणजे कॅम थेट सपाट तळाच्या लिफ्टरवर घासतो); आत तेल १०डब्ल्यू-३० (पहिला आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, दुसरा गरम झाल्यावरच्या). सर्व्हिसवाल्याने डिपस्टिक बाहेरसुद्धा काढली नाही. "बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, तोवर ५० ग्रेडचं तेल घालून चालवा," एवढं सांगून तो मोकळा झाला. इंजिन उतरवायचं म्हणजे हंगाम हातचा जाणार आणि खर्चाला तर अंतच नाही. म्हणून आधी तेल बदललं. जुनं तेल मात्र फेकलं नाही, कॅनमध्ये भरून ठेवलं. पुढे तेच कामाला आलं.

२०डब्ल्यू-५० घातल्यावर पहिले काही आठवडे मी खूश होतो. गरम इंजिनालाही स्लोवर काटा जागचा हलत नव्हता आणि बझर गप्प होता. जेट बोटीला जाड तेल हवं असं जे सांगतात, त्याला आधारही आहे. इथे गिअर नाही, उतार नाही, थ्रॉटल सोडून नुसतं वाहत जाणं नाही. इम्पेलर, म्हणजे जेट पंपातला पाणी मागे फेकणारा पंखा, थेट क्रँकला जोडलेला, त्यामुळे इंजिन फिरतंय तोवर ओझं ओढतंय. या जेट पंपाला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४००० वरून ३००० वर आलात की लागणारी ताकद निम्म्याहून कमी होते, आणि तेच उलट दिशेने गेलात की दुपटीच्याही वर जाते. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन तासन्‌तास असं राबत नाही.

मग थंडी आली आणि माझं मत डळमळलं. सकाळी स्टार्ट केलं की लिफ्टर (कॅमवरून व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बराच वेळ खडखडत राहायचे, आणि त्याच वेळी प्रेशरचा काटा पार वर चिकटलेला. नवख्या माणसाला वाटेल, वा, काय प्रेशर आहे! पण हे प्रेशर म्हणजे तेल अडल्याची खूण. ऑइल पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल तिथूनच मागे वळतं आणि वरच्या मजल्यावर उशिरा पोहोचतं. फिल्टरचा बायपास उघडला तर न गाळलेलं तेलही बेअरिंगपर्यंत जातं. त्याहून जास्त मला खटकलं ते वळणावर. बोट जागच्या जागी गर्रकन फिरवली की काटा क्षणभर खाली यायचा. हेड्समध्ये चढलेलं जाड तेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) उतरायला वेळ लावतं, आणि उरलेलं तेल वळणाच्या जोराने एका बाजूला सरकलं की ऑइल पंपाचं तेल ओढणारं तोंड, म्हणजे पिकअप, उघडं पडतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आतून दुधी, पिवळट साय धरलेली. हेड गॅस्केट शाबूत, पाणी कुठून शिरत नव्हतं. तेल पुरेसं तापतच नव्हतं, म्हणून आत जमणारा दमटपणा आतच राहत होता.

इथून पुढे मी ग्रेडचा विचार बाजूला ठेवला आणि चेंबरच्या ड्रेन प्लगच्या जागी तापमानाचा सेन्सर बसवून घेतला. अख्ख्या हंगामात बोटीवर केलेला सगळ्यात चांगला खर्च हाच, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन. बोटीच्या डॅशवर प्रेशरचा काटा असतो, पाण्याच्या तापमानाचा असतो. तेलाच्या तापमानाचा नसतो. आणि तो नसेल तर ग्रेडवरची चर्चा म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. माझ्या काट्यावर थंड नदीत नेहमीच्या वेगाने जाताना तेल ६५ ते ७० अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात कोमट तलावात सलग फुल थ्रॉटल दिल्यावर ११५. बोट तीच, तेल तेच, आणि फरक ४५ ते ५० अंशांचा.

कारण सरळ आहे. बाहेरचं पाणी थेट इंजिनात फिरतं. क्षार धरू नयेत म्हणून अशा इंजिनांना थर्मोस्टॅटही ६०-७० अंशांचाच ठेवतात. त्यावर ऑइल कूलरलाही तेच थंड पाणी, पुन्हा जेट पंपाच्या दाबाने, म्हणजे आरपीएम वाढवाल तसं जास्तच.

आता डब्यावरचा आकडा बघा. एसएई जे३०० या तेलाच्या ग्रेड ठरवणाऱ्या मानकात दुसरा आकडा मुख्यतः १०० अंशांवरच्या घट्टपणाचा असतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पण तेल ७० अंशांवरच असेल तर साधारण १०डब्ल्यू-३० सुद्धा वीसच्या वर असतं, म्हणजे १०० अंशांवरच्या ५० ची बरोबरी करतं. थंड पाण्यात २०डब्ल्यू-५० घालून मी इंजिनाला प्रत्यक्षात किती जाड तेल ढकलायला लावत होतो, हे काटा बसवल्यावर कळलं.

मग पहिला बझर का वाजला? कॅनमध्ये ठेवलेलं जुनं तेल प्रयोगशाळेत दिलं. १०० अंशांवर ८.१ सेंटिस्टोक, म्हणजे ३० च्या खालच्या रेषेच्याही खाली. आणि पेट्रोलचं प्रमाण चार टक्क्यांवर. बेअरिंगच्या धातूचं प्रमाण रास्त. आता कोडं सुटलं. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट जास्त वर लावलेला होता आणि तेल कायम थंड, त्यामुळे आत उतरलेलं पेट्रोल उडून जात नव्हतं. तेल महिनोन्‌महिने पातळ होत गेलं आणि एका गरम दिवशी उघडं पडलं. डिपस्टिक काढली असती तर पातळी खुणेच्या वर दिसली असती आणि नाकाला पेट्रोलचा वास आला असता. इंजिन उतरवण्याचा सल्ला देण्याआधी एवढं बघायला किती वेळ लागतो? याचा राग अजून गेलेला नाही.

इलाज झाला तो असा: फ्लोट नीट केला, आणि फिल्टरखाली थर्मोस्टॅटचा अडॅप्टर टाकला, म्हणजे साधारण ८० अंशांपर्यंत तेल कूलरकडे वळतच नाही. आता थंड नदीतही काटा ९० च्या पुढे असतो. साय गेली. लिफ्टरची खडखड राहिली ती सुरुवातीच्या क्षणापुरती. आत १५डब्ल्यू-४० आहे आणि गरम इंजिनाला स्लोवर बझर नाही. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना ठोकताळा आरामात पाळला जातो.

३० वर परत का गेलो नाही, तर कॅममुळे. २००४ च्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जापासून १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना फॉस्फरसची मर्यादा ८०० पीपीएमची आहे, म्हणजे झीज रोखणाऱ्या झिंक-फॉस्फरसच्या रसायनाचा थर बेताचाच. फ्लॅट टॅपेटला मी तो धोका पत्करणार नाही. आणि १५० अंशांवर, प्रचंड घर्षणात मोजलेल्या घट्टपणाची किमान अट १५डब्ल्यू-४०, २५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या तिघांना एकच आहे: ३.७ मिलिपास्कल-सेकंद. बाजारातली ५० तेलं त्याच्या बरीच वर असतात हे मान्य, पण ४० म्हणजे पाण्यासारखं, ही भीती निराधार आहे.

सर्व्हिसवाल्याशी दुसरा वाद एफसी-डब्ल्यू या फोर-स्ट्रोक बोट इंजिनांच्या तेलावरच्या शिक्क्यावरून झाला, आणि तिथे मात्र त्याचं म्हणणं मला पटलं. एनएमएमए या अमेरिकेतल्या बोट उत्पादकांच्या संघटनेची ही मान्यता मिळवताना तेलाची गंजाची चाचणी होते. बोट आठवडेच्या आठवडे उभी असते, दमट हवा आत खेळत असते, त्यात सिलिंडरच्या भिंतीवर टिकणारा थर हवाच. म्हणून डबा घेताना आता ग्रेडच्या आधी तो शिक्का बघतो. २५डब्ल्यू-४० मरीन तेल जवळजवळ सगळीकडे शिक्क्यासह मिळतं. १५डब्ल्यू-४० मध्ये शोधावं लागतं. कडक थंडीत बोट काढत नसाल तर २५डब्ल्यू-४० घ्या आणि मोकळे व्हा. मी थंडीतही काढतो, म्हणून शोधतो.

२०डब्ल्यू-५० चा एक न उघडलेला डबा माझ्याकडे पडून आहे. सलग शर्यतीच्या वेगाने चालवणाऱ्या, तेल १२० च्या पुढे नेणाऱ्या बोटवाल्याला तो उपयोगी पडेल. माझा काटा तिथवर जात नाही.