कोकणावरचे ढग बघायला कोणता उपग्रह: इन्सॅट, हिमावारी की मेटिओसॅट?

कागदावर जपानचा हिमावारी-९ निर्विवाद सरस. १६ चॅनेल (म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, प्रत्येकात वेगळं चित्र), दर १० मिनिटांनी ताजं चित्र, दिवसाच्या चित्रात अर्ध्या किलोमीटरपर्यंतचा बारकावा. आपल्या इन्सॅट-३डीआर आणि ३डीएसच्या इमेजरला, म्हणजे चित्र घेणाऱ्या उपकरणाला, ६ चॅनेल. बारकावा दिवसा १ किमी, अवरक्तात (उष्णतेच्या अदृश्य किरणांत, जे रात्रीही टिपता येतात) ४ किमी.

तरी रत्नागिरीसाठी मी इन्सॅटच उघडीन. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किमी उंचीवर, एकाच रेखांशावर ठाण मांडून असतो. हिमावारीचा रेखांश १४०.७ अंश पूर्व, कोकणाचा ७३च्या आसपास. त्यामुळे कोकण त्याच्या चित्रात अगदी पश्चिम कडेला जातं: ढग तिरके दिसतात, बारकावा ताणला जातो, उंच ढग मूळ जागेपासून सरकलेले वाटतात. ३डीआर ७४ अंशांवर, म्हणजे जवळपास आपल्याच रेषेत. ३डीएस ८२ वर. दोघांच्या वेळा आलटूनपालटून ठेवल्या की दर १५ मिनिटांनी नवं चित्र मिळतं. सिंगापूर किंवा टोकियोतल्या मराठी मंडळींनी मात्र बिनधास्त हिमावारी बघावा.

युरोपचा मेटिओसॅट-९ आहे ४५.५ अंशांवर. १२ चॅनेल, बहुतेकांत ३ किमीचा बारकावा, चित्र दर १५ मिनिटांनी. अरबी समुद्रात चक्रीवादळ घोंगावत असेल, विशेषतः ओमानच्या बाजूला, तर इन्सॅटच्या जोडीला हा हवाच. भर समुद्रात वादळाचा जोर मुख्यतः ढगांच्या रचनेवरूनच जोखला जातो, आणि तिथे दुसरा कोन कामाला येतो.

पण घाटातल्या पावसाला हे तिघेही फसतात. अवरक्त चित्रात जितका माथा थंड, तितका ढग उंच आणि पांढरा. सह्याद्रीवर धो धो कोसळणारे ढग पुष्कळदा बुटके असतात, त्यांचा माथा फारसा थंड नसतो. चित्र करड्या रंगाचं आणि खाली ओढे दुथडी. उलट नुसते विरळ, उंच ढग रात्री भयंकर पांढरे दिसतात आणि समाजमाध्यमांवर उगाच हाकाटी होते.

म्हणून पुढच्या तासाभरात ट्रेकला निघावं की नाही, हे उपग्रहावरून ठरवू नका. मुंबईत कुलाबा आणि वेरावलीला, तसंच गोव्यात डॉपलर रडार आहे. ते थेट पावसाचे थेंब टिपतं. डोंगराआड त्याचाही किरण अडतो, तेव्हा सोबत हवामान खात्याचा तीन तासांचा जिल्हावार इशारा बघावा. विजांचं म्हणाल तर या तिन्हींवर वीज टिपणारं उपकरणच नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप, जे जमिनीवरच्या सेन्सरांवर चालतं.