गुणगुणलेल्या चालीचं मिडी: बेसिक पिच काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. एकट्या आवाजात, ठेक्याला धरून, सुटे सूर गायलात तर बेसिक पिच हे सॉफ्टवेअर चाल जवळपास जशीच्या तशी मिडीत (कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा याच्या नोंदीत) उतरवून देतं. पण तुमची चाल मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (सूर हळू झुलवणं) नि मुरक्यांवर उभी असेल, तर हाती फक्त सांगाडा लागेल. एकांकिका आणि शाळेच्या गॅदरिंगची गाणी मी सध्या यावरच कच्ची बांधतो. सांगाडाही माझ्या पुष्कळ कामाचा आहे, पण तो सांगाडा आहे हे धरूनच वापरायला बसावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे स्पॉटिफायने २०२२ मध्ये खुलं केलेलं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, रेकॉर्डिंग टाकायचं, मिडी फाइल उतरवून घ्यायची. सगळी प्रक्रिया आपल्याच मशीनवर होते, आवाज कुठे अपलोड होत नाही. मॉडेल अगदी लहान आहे, १७,००० पेक्षा कमी पॅरामीटरचं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली व्हॉइस नोट उतरवून टाकली तरी घेतं. ही फार मोठी सोय, कारण आमच्याकडे अर्ध्या चाली रात्री अकरानंतर व्हॉइस नोटमधूनच येतात.

आता खरा मुद्दा, गायचं कसं. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ करत गुणगुणलात तर सुरांच्या मधे कुठे तुटकच पडत नाही. ‘सा सा सा रे’ असं तीनदा सा असेल तर पडद्यावर एकच लांबलचक सा दिसतो, आणि चालीचा ठेकाच गेला. शब्दांसकट गायलं तर उलटा त्रास: स, श, छ यांच्या फुसफुशीत भलत्याच जागी बारीक नोटा उगवतात. मला सगळ्यात बरे पडले ते तराण्याचे बोल. ‘तन देरे ना’, ‘दीम्’, ‘तोम्’. प्रत्येक सुराला स्वच्छ ठोका मिळतो आणि आवाजही लगेच सुटतो. तराण्यात हे बोल शेकडो वर्षं का टिकले असावेत याचा अंदाज पियानो रोल, म्हणजे नोटा आडव्या पट्ट्यांसारख्या दाखवणारा पडदा, बघताना येतो.

तानपुरा लावाच, पण हेडफोनमध्ये. आधाराविना गुणगुणताना आवाज कधी वर सरकतो ते आपल्याला कळतही नाही. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या सुरांत शंभर सेंट असतात; सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. पन्नासच्या पुढे सरकलात की सॉफ्टवेअर शेजारचा सूर लिहून मोकळं. मात्र तानपुरा स्पीकरवर ठेवू नका. बेसिक पिच एका वेळी अनेक सूर ओळखू शकतं, म्हणून ते इमानेइतबारे तानपुऱ्याचे सा आणि प सुद्धा लिहितं, आणि मग चालीखाली नोटांची एक लांब रांग पुसत बसावी लागते. तबल्याच्या लूपचंही तेच.

शिट्टीचा प्रकार मी सुरुवातीला गंमत म्हणून केला आणि आता निम्मं काम त्यावरच करतो. गळ्यातून येणाऱ्या सुरासोबत त्याचे वरचे स्वरांश येतात, आणि त्यातला एखादा मूळ सुरापेक्षा जोरात असला की यंत्र एक सप्तक चुकतं. उलटंही होतं: जी लहर ठरावीक काळाने पुन्हा येते ती त्याच्या दुप्पट काळानेही पुन्हा येतेच, म्हणून एखादा सूर एकदम खाली मंद्रात जाऊन पडतो. सुरांची उंची शोधणाऱ्या सगळ्याच सॉफ्टवेअरचं हे जुनं दुखणं आहे. शिट्टीत हा घोळ फारसा होत नाही, कारण ती जवळजवळ निखळ, एकाच कंपनसंख्येची लहर असते. मिडीत प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो, एका सप्तकाला बारा. माझी पट्टी काळी एक. गळ्यातला सा मिडीत ४९ क्रमांकावर येतो, शिट्टीतला ८५ वर. म्हणजे बरोबर तीन सप्तकं वर. सगळं निवडून ३६ ने खाली ओढलं की झालं. आणखी एकने खाली ओढलं तर सा पांढरी एकवर येतो, हार्मोनियमवाल्यांची सोय. शिट्टी वाजवताना फोन तोंडासमोर धरू नका, गालाच्या बाजूला धरा; नाहीतर फुंकरच जास्त रेकॉर्ड होते. आणि शिट्टीची झेप फार तर दोन सप्तकांची, तार सप्तकात घोळणाऱ्या चालीला गळाच लागतो.

टेम्पोचं पुढे सांगतो; बाकी सेटिंगमध्ये दोनच गोष्टींना हात लावतो. एक, सर्वात खालचा आणि वरचा सूर किती ते ठरवून देणं. आपल्या गळ्याची मर्यादा दिली की पंख्याची घरघर आणि भलत्या सप्तकातल्या नोटा आपोआप गळतात. दुसरी, नोटेची किमान लांबी. ब्राउझरऐवजी कमांड-लाइनवरून (आज्ञा टाइप करून) चालवलं तर ती मुळात सुमारे १२८ मिलिसेकंद धरलेली असते. सेकंदाला आठ सुरांची तान घेतली तर एकेक सूर १२५ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे तानच चाळणीतून खाली. लांबी कमी केली तर तान येते, पण सोबत कचराही येतो.

टेम्पोबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. वेगळं काही सांगितलं नाही तर फाइलमध्ये १२० चा टेम्पो गृहीत असतो. तुम्ही कुठल्या लयीत गायलात ते सॉफ्टवेअर ओळखत नाही. नोटा सेकंदांच्या हिशेबाने बरोबर जागी असतात, मात्राओळी मात्र जुळत नाहीत. हेडफोनमध्ये दादरा किंवा केरवा लावून त्यावर गा, त्याची लय टेम्पोच्या जागी भरा, मग रीपर किंवा रेकॉर्डिंगचं जे काही सॉफ्टवेअर वापरता त्यात क्वांटाइझ करा, म्हणजे नोटा जवळच्या मात्रेवर ओढून घ्या. हे न करता फाइल सरळ म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर साध्या बडबडगीताचंही स्वरलेखन असं दिसतं की बघणारा पियानोवाला घरी निघून जाईल.

आता मींड. शुद्ध कल्याण रागात प वरून ग वर उतरताना मधला तीव्र म नुसता स्पर्शून जातो, तिथे थांबायचं नसतं. हीच जागा मी मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे गाऊन पाहिली. कधी फक्त प आणि ग येतात, मधे काही नाही. कधी घसरणीच्या पायऱ्या होतात: प, तीव्र म, शुद्ध म, ग. हे पियानोच्या आवाजात ऐका, शुद्ध कल्याण औषधालाही उरत नाही. दरबारीतला आंदोलित गंधार तर रे आणि ग यांच्यात टकटक करणारी दोन बटणं होऊन येतो. पिच बेंड, म्हणजे वाजता सूर वर-खाली वाकवणं, नोंदवण्याची सोय आहे, पण मिडीत बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, त्यामुळे दोन नोटा जरा एकमेकींवर चढल्या की गोंधळ. शिवाय बहुतेक वाद्यांत बेंडची मर्यादा मुळात दोन सेमीटोनची (म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांची) असते आणि प ते ग अंतर तीनचं आहे. म्हणून मधल्या पायऱ्या मी सरळ पुसतो, मर्यादा वाढवतो आणि बासरीच्या आवाजावर घसरण हाताने काढतो. वेळ जातो, पण ऐकवत तरी येतं. मींड नेमकी कशी गेली ते बघायचं असेल तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचं ‘टोनी’ हे फुकट सॉफ्टवेअर उघडतो. एकट्या गळ्यासाठीच बनवलेलं आहे, आणि सुराची अखंड रेषा समोर दिसते.

हेच मॉडेल घेऊन कुणीतरी न्यूरलनोट नावाचं फुकट प्लगइन (दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचं पूरक) केलंय, ते रीपरच्या आतच चालतं, फाइलींची ने-आण वाचते. त्यात सूर ठरावीक स्केलला चिकटवायची सोय आहे. भुलू नका. खमाजात आरोहात शुद्ध नी आणि अवरोहात कोमल. मेजर स्केल निवडलं की उतरतानाचा कोमल नी बाजूच्या सुरावर ढकलला जातो, आणि चालीतली सगळी लाडीगोडी तिथेच जाते.

गाता गाता तिथल्या तिथे सतार-व्हायोलिन वाजेल असं सांगणारं एक महिन्याला पैसे घेणारं अ‍ॅपही घेऊन पाहिलं, नाव घेत नाही. गायलेला सूर आणि वाजणारा आवाज यांत जाणवेल इतकं अंतर पडतं, त्यामुळे आपणच मागे रेंगाळायला लागतो. थोडं अंतर अटळच आहे: शंभर हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, आणि सूर ओळखायला दोन-तीन आवर्तनं तरी ऐकावी लागतात. हजार हर्ट्झच्या शिट्टीला तेच काम दोन-तीन मिलिसेकंदांत होतं, तरी बाकीची साखळी वेळ खातेच. वर्गणी बंद केली.

ज्यांच्याकडे आधीच लॉजिक, एबलटन लाइव्ह, क्यूबेस किंवा मेलोडाइन यांपैकी एखादं संगीताचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी यातलं काहीच उतरवून घ्यायची घाई करू नये. लॉजिकमध्ये फ्लेक्स पिचवरून मिडी ट्रॅक करता येतो, क्यूबेसमध्ये व्हॅरिऑडिओतून मिडी काढता येतं, मेलोडाइनमधूनही मिडी निघतं, आणि लाइव्हमध्ये क्लिपवर राइट-क्लिक करून मेलडीचं मिडी करायचा पर्याय आहे, अर्थात आवृत्ती कुठली घेतलीय त्यावर. तराण्याचे बोल आणि हेडफोनमधला तानपुरा तिथेही लागतीलच.