व्हीलचेअरला जोडायच्या तिसऱ्या चाकाचे अकरा महिने: सुटलेली पकड आणि न लिहिलेले आकडे

आठव्या महिन्यात, तळ्याकडे उतरणाऱ्या खडीच्या पायवाटेवर, माझ्या व्हीलचेअरला पुढून जोडलेल्या तिसऱ्या चाकाची पकड सुटली. चाक निखळून पडले नाही, ते डावीकडे कलले. त्यामुळे त्याने अधांतरी उचलून धरलेली खुर्चीची दोन्ही छोटी चाके खाली आली, खडीत रुतली आणि खुर्ची जागच्या जागी थांबली. मी मात्र थांबले नाही. कमरेचा पट्टा बांधलेला होता म्हणून स्वतःच्या गुडघ्यांवर ओणवी होण्यावर निभावले. मागून येणाऱ्या बहिणीने हँडल धरून खुर्ची मागे ओढली आणि म्हणाली, "ताई, आज इथूनच परत फिरू या." त्याच संध्याकाळी मी हा अनुभव लिहायला बसले होते आणि चार ओळींत या चाकाला बाद करून टाकले होते. तो मजकूर तसाच राहिला हे बरे झाले, कारण त्यानंतरच्या तीन महिन्यांत माझे बरेचसे मत बदलले आहे.

माझी खुर्ची घडी न होणाऱ्या सांगाड्याची आहे, मागची चाके २४ इंची, पुढची ५ इंची आणि फुटरेस्ट एकसंध पट्टीचे. छातीच्या दहाव्या मणक्याखाली मला संवेदना नाही, हात आणि खांदे पूर्ण ताकदीचे आहेत. घेतलेले चाक १२ इंची, हवा भरायचे आहे, फुटरेस्टच्या पट्टीला खटक्याच्या क्लॅम्पने बसते आणि वजनाला सुमारे अडीच किलो आहे. उत्पादकाचे नाव लिहीत नाही, कारण पट्टीला चिमटा घेणारी ही रचना अनेक जोडचाकांत असते आणि पुढे लिहिलेले त्या सर्वांच्या वापरकर्त्यांना लागू पडेल असे मला वाटते.

चाक मोठे असल्याने नेमका किती फरक पडतो, हे मी घेण्याआधी कागदावर मांडून पाहिले होते. वाटेत अडीच सेंटीमीटर उंचीचा दगड आला, तर ५ इंची चाकाला त्यावर चढण्यासाठी त्या चाकावरील भाराच्या सव्वापटीहून अधिक आडवा जोर लागतो, तर १२ इंची चाकाला सुमारे दोन तृतीयांश पुरतो. शिवाय जोडचाक खुर्चीच्या बरेच पुढे असल्याने त्याच्यावर येणारा भारही कमी असतो. प्रत्यक्षात हे गणित हातांना पहिल्याच दिवशी कळले. मुळे वर आलेल्या वाटेवर पूर्वी मला दर काही फुटांनी खुर्ची मागच्या दोन चाकांवर तोलून पुढचा भाग उचलावा लागे, आणि तासाभरात खांदे भरून येत. हाताने चालवायच्या खुर्चीवर वर्षे काढलेल्या प्रत्येकाला खांदा म्हणजे काय ठेव आहे हे सांगावे लागत नाही. जोडचाक लावल्यापासून तो उचलण्याचा प्रकार जवळजवळ संपला. गवत, दाबलेली माती, मुरूम आणि पातळ थराची खडी यांवर मी एकटी जाऊ शकते. कोरड्या मऊ वाळूत मात्र जाता येत नाही, कारण पुढचे चाक तरले तरी मागची अरुंद चाके रुततातच.

एका फायद्याची मला आधी कल्पनाच नव्हती. त्वचेवरचा दाब हलका करण्यासाठी दर १५ ते ३० मिनिटांनी मला पूर्ण पुढे वाकावे लागते. घरात ते सोपे आहे, पण उताराच्या वाटेवर छोट्या चाकांच्या भरवशावर पुढे वाकले की खुर्ची पालथी होण्याची भीती असे, म्हणून मी बाहेर असताना ते टाळत असे आणि म्हणूनच बाहेर कमी वेळ राहत असे. जोडचाकामुळे खुर्चीचा पाया पुढे लांबतो, त्यामुळे ब्रेक लावून छाती मांड्यांवर टेकवून दोन मिनिटे निवांत बसता येते. पूर्वी झाडीत माझा वेळ पाऊण तासात संपत असे. आता अडीच तास जातात, आणि त्याचे निम्मे श्रेय मी या वाकता येण्याला देते.

आता पकडीविषयी. पहिल्या दिवसापासून माझे सर्व लक्ष तिथेच आहे आणि ते थोडे जास्त आहे असे बहीण म्हणते. पण अडीच किलोच्या वस्तूचे सारे काम ज्या दोन जबड्यांवर चालते, त्यांच्याकडे लक्ष द्यायचे नाही तर कुठे द्यायचे? पट्टीच्या जाडीप्रमाणे जबड्यांमधले अंतर एका स्क्रूने ठरवायचे आणि मग खटका दाबायचा, एवढीच कृती आहे. पुस्तिकेत त्यासाठी एकच वाक्य आहे: "स्क्रू पुरेसा घट्ट करावा." पुरेसा म्हणजे किती, हे मी खरेदीनंतर आठवड्याभरात विचारले होते. उत्तर आले की खटका दाबताना तळहाताला खूण पडली पाहिजे. तळहाताची खूण हे माप नव्हे. व्हीलचेअरवरच्या माणसाचा तळहात रोजच्या ढकलण्याने घट्टे पडलेला असतो, हे ज्यांचे गिऱ्हाइकच व्हीलचेअरवरचे आहे त्यांना ठाऊक असायला हवे होते.

दर फेरीनंतर स्क्रू पाव फेरा सैल वाटे आणि मी तो घट्ट करी. सहा महिने हे चालले. घसरण्याच्या प्रसंगानंतर मी क्लॅम्पची छायाचित्रे पाठवली, तेव्हा सेवा विभागाचे उत्तर दोन ओळींचे होते: चुकीच्या जोडणीमुळे झालेले नुकसान हमीत येत नाही. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ आदराने बोलत होते. "मॅडम, स्क्रू कमी घट्ट केला असणार," असे ते तीनदा म्हणाले. मी प्रत्येक वेळी विचारले की पुरेसे घट्ट म्हणजे किती न्यूटन-मीटर (स्क्रू पिळण्याच्या जोराचे एकक). आकडा त्यांच्याकडे नव्हता. नवा क्लॅम्प विकत घ्या असे सुचवण्यात आले, आणि त्याची किंमत संपूर्ण जोडचाकाच्या जवळजवळ एक तृतीयांश होती. एका स्क्रूचा आकडा मिळत नाही म्हणून एक तृतीयांश पैसे पुन्हा मोजणे मला पटले नाही, म्हणून मी क्लॅम्प आणि खुर्ची दोन्ही घेऊन सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे गेले.

इथे माझे मत बदलले. त्याने स्क्रूकडे पाहिलेही नाही. फुटरेस्टच्या पट्टीवरून बोट फिरवले आणि माझेही बोट तिथे नेले. जबडे जिथे बसत होते तिथे पट्टीला दोन्ही बाजूंनी उथळ खोबण पडलेली होती. व्हर्निअरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापकाने, मोजल्यावर पट्टी कडेला ६ मिलिमीटर आणि खोबणीत ५.४ मिलिमीटर भरली. माझे फुटरेस्ट प्लास्टिकचे आहे, आणि प्लास्टिकवर सतत दाब राहिला की ते हळूहळू दबत जाते. स्क्रू सैल होतच नव्हता, पट्टी पातळ होत होती. प्रत्येक वेळी मी अधिक घट्ट करत गेले आणि प्रत्येक वेळी ती अधिक दबत गेली. म्हणजे क्लॅम्पच्या घडणीत दोष आहे हा माझा सहा महिन्यांचा ग्रह चुकीचा होता, हे मान्य करायला हवे. उपाय साधा निघाला. २ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, जबड्यांपेक्षा तिप्पट रुंद, वर आणि खाली चिकटवून दाब पसरवला. त्यानंतरच्या नऊ फेऱ्यांत स्क्रू हलवावा लागलेला नाही.

तरीही कंपनीवरचा माझा आक्षेप कायम आहे. एकसंध पट्टीच्या फुटरेस्टला चालते असे पुस्तिकेत लिहिले आहे, पण ती पट्टी कशाची असावी हे लिहिलेले नाही. मी खोबणीची मापे पाठवल्यावर तांत्रिक विभागातून पहिल्यांदाच सविस्तर पत्र आले, आणि त्यात प्लास्टिकच्या पट्टीला धातूचे अस्तर लावण्याची शिफारस आणि स्क्रूसाठी ८ न्यूटन-मीटर हा आकडा, दोन्ही होते. म्हणजे त्यांना हे आधीपासून माहीत होते. आकडा कुणाच्या तरी टेबलावर होता आणि तो पुस्तिकेत उतरवणे कुणाला आवश्यक वाटले नाही.

या पत्रानंतर मी ज्या वाटांवर जाते त्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागले, कारण तिथेही नेमकी हीच गत आहे. प्रवेशाशी खुर्चीचे निळे चिन्ह असते, कधी "सुगम पायवाट" असे शब्द असतात, आणि एवढेच. कुणासाठी सुगम? माझ्या हातांसाठी, की विजेच्या खुर्चीवरच्या माणसासाठी, की काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांसाठी? चढ किती टक्के आहे आणि तो सलग किती मीटर आहे, एवढे दोन आकडे मिळाले तर आपापला निर्णय प्रत्येकाला घेता येतो. अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाने, म्हणजे अपंगांसाठीच्या सुगमतेचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ साली संघराज्याच्या अखत्यारीतील पायवाटांसाठी ठरवलेले निकष मी या निमित्ताने वाचले. त्यांत १:२० पर्यंतचा (२० मीटर पुढे जाताना १ मीटर उंची) चढ कितीही लांब चालतो, १:१२ पर्यंतचा सलग सुमारे ६१ मीटर, १:१० पर्यंतचा ९ मीटर आणि १:८ पर्यंतचा अवघा ३ मीटर, आणि त्या त्या टप्प्यानंतर विसाव्याची सपाट जागा. १:१२ पेक्षा तीव्र चढ एकूण लांबीच्या ३० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. पृष्ठभाग पक्का आणि स्थिर हवा, पण तो डांबराचा किंवा काँक्रीटचाच असावा अशी अट नाही. नीट दाबलेला बारीक चुरा चालतो. मला सर्वांत मोलाचे वाटले ते फलकाविषयीचे कलम. वाटेच्या सुरुवातीच्या फलकावर लांबी, पृष्ठभागाचा प्रकार, नेहमीची आणि किमान रुंदी, नेहमीचा आणि कमाल चढ, नेहमीचा आणि कमाल आडवा उतार (वाटेचा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे असलेला कल) लिहायचा आहे.

आडवा उतार हा शब्द इथे जोडचाकवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावा. पायी चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. खुर्ची मात्र खालच्या बाजूला सतत ओढली जाते आणि एकाच हाताला सारे काम पडते. त्यातच जोडचाक लावले की खुर्ची मागे दोन आणि पुढे एक अशा तीन टेकूंवर उभी असते, म्हणजे पाया चौकोनी न राहता त्रिकोणी होतो आणि बाजूला कलण्याचा धोका वाढतो. सहाव्या महिन्यात एका वळणावर वरच्या बाजूचे मागचे चाक जमिनीवरून उचलले गेल्याचे मला जाणवले, तेव्हापासून तीव्र आडव्या उतारावर मी शरीर वरच्या बाजूला झुकवून, अगदी सावकाश जाते. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही.

मागे येणेही शिकून घ्यावे लागते, कारण उलट जाताना पुढचे चाक पूर्ण गोल फिरते आणि त्या क्षणी खुर्ची बाजूला ढकलली जाते. अरुंद लाकडी पुलावर हे करू नये. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी लावलेल्या नागमोडी आडकाठ्यांतून जोडचाकासह लांबलेली खुर्ची वळत नाही. चाक काढून मांडीवर घ्यावे लागते आणि पलीकडे पुन्हा लावावे लागते. मला त्याला चाळीस सेकंद लागतात, पण बोटांत ताकद नसलेल्या माणसाची सहल तिथेच संपते. दुचाकी अडवायची असेल तर इतर उपाय आहेत, आणि खुर्चीला वाट ठेवून ते योजता येतात.

पर्यायांचा विचार मीही केला होता. दोन तरफांनी चालणारी, एमआयटीमध्ये विकसित झालेल्या रचनेची तीनचाकी खुर्ची खडबडीत वाटेला अधिक योग्य आहे. तरफ वर धरली की जोर मिळतो आणि खाली धरली की वेग, ही तिची युक्ती मला फार आवडते. पण ती वेगळी खुर्ची आहे, ठेवायला आणि न्यायला जागा लागते. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात तयार झालेली एकचाकी जोएलेत तर डोंगरवाटेवरही जाते, मात्र तिला पुढे आणि मागे धरणारी माणसे लागतात. ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. मला हवे होते ते कुणाला न विचारता सकाळी सहाला बाहेर पडणे, आणि ते या जोडचाकानेच शक्य झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे ३० वे कलम क्रीडा, करमणूक आणि पर्यटनाच्या ठिकाणी इतरांच्या बरोबरीने प्रवेशाची हमी देते. मी ते कलम कंपनीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात घातले नाही, पण वाटांची देखभाल करणाऱ्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात घातले. सोबत तळ्याकाठच्या वाटेवर मीच घेतलेली मापे जोडली. मोबाइल सपाट फळीवर ठेवून अंश वाचायचे, एवढेच त्याला लागते. १:२० म्हणजे सुमारे २.९ अंश आणि १:१२ म्हणजे सुमारे ४.८ अंश. जिथे माझी पकड सुटली तो उतार ६.१ अंश निघाला आणि तो सलग ३२ मीटर आहे. निकषांप्रमाणे इतक्या तीव्र चढावर ३ मीटरनंतर विसावा हवा होता. फलकावर हे दोन आकडे असते तर मी त्या दिवशी पलीकडच्या लांब पण सौम्य वाटेने उतरले असते.

विकत घ्यावे का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर होय असे आहे. फुटरेस्ट प्लास्टिकचे असेल तर अस्तर आधी लावा, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच स्क्रू पिळणारा पाना) उसना आणा आणि पहिल्या दहा फेऱ्या सोबतीने करा. कंपनीने पुस्तिकेची पुढची आवृत्ती सुधारू असे कळवले आहे, ती अजून आलेली नाही. ८ हा आकडा मी पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून खुर्चीच्या नळीवर लावला आहे, आणि कार्यालयाकडून उत्तर येईपर्यंत त्याच्याच खाली तळ्याच्या उताराचे ६.१ आणि ३२ हे आकडेही लिहून ठेवले आहेत.