फॅट बर्नर ग्रीन टी, दोन महिने पिऊन सांगतेय
पाकिटावर ‘मेटाबॉलिझम बूस्ट’ असं मोठ्ठं लिहिलंय म्हणून मागवला. चव छान, जरा तुरट, पण वजन जैसे थे. ग्रीन टीत कॅफिन आणि कॅटेचिन (चहाच्या पानातली नैसर्गिक द्रव्यं) असतात, त्यानं कॅलरी थोड्या जास्त जळतात हे खरंय पण ते इतकं थोडं की सोबत दोन बिस्किटं खाल्ली की संपलं सगळं. त्यापेक्षा प्रोटीन खा, ते पचवायलाच त्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरी जातात, तेलातुपाच्या फारतर 3, म्हणून मी आता सकाळी अंडी नाहीतर मुगाचं धिरडं खाते आणि दुपारपर्यंत भूकच लागत नाही. आणि हो, हा चहा जेवणासोबत पिऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही, आपल्याकडे बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. चहा म्हणून 3 स्टार, फॅट बर्नर म्हणून 1.