होडीच्या रंगाच्या डब्यात भलताच रंग: फायबर होडीवाल्यांनी आवर्जून वाचावं

आमची फायबरची होडी दाभोळच्या खाडीत नांगरून असते. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, पण रंगकाम मे महिन्यातच उरकावं लागतं. एकदा पाऊस लागला की दमट हवेत हार्डनरचे (म्हणजे रंग कडक करणारं द्रव्य मिसळून लावायचे) रंग नीट धरत नाहीत. चुलतभाऊ आणि मी दोघांनी मिळून घरीच रोलरने रंगवायचं ठरवलं.

रंग ओळखीतून कळलेल्या एका विक्रेत्याकडून घेतला. "भाऊ, मुंबई गोदीतला शिल्लक माल आहे, जहाजांना लागतो तोच. दुकानात दुप्पट पडेल." वरच्या अंगाला दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, म्हणजे रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा, आणि पाण्याखालच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याचा रंग. डबे नावाजलेल्या कंपनीचे, लेबलं खरी दिसणारी. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "शिल्लक मालाला बिल कुठलं?" आणि कागदावर हाताने रक्कम लिहून शिक्का मारून दिला.

कामात आम्ही कसूर ठेवली नाही. आधी सॉल्व्हंटच्या फडक्याने जुना मेणचटपणा काढला आणि मगच पॉलिश पेपर मारला. हा क्रम उलटा झाला तर मेण घासून चरांमध्ये बसतं आणि रंग सुटतो. इपॉक्सी प्रायमर दुसऱ्या दुकानातून बिलावर घेतला होता. रोलर थिनरला टिकणारा आणला, कारण साधा फोम पीयूमध्ये विरघळतो. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून कोरड्या ब्रशचं टोक हलकेच ओढायचं, म्हणजे बुडबुडे जिरतात आणि रेघा दिसत नाहीत. संध्याकाळी होडी खरंच देखणी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये उरलेला रंग बघितला. हार्डनर पडलेला पीयू एव्हाना आरपार गोठायला हवा. आमच्या ट्रेमध्ये वर पातळ साय आणि खाली तसाच वाहता रंग! विक्रेत्याला फोन केला तर "दमट हवा आहे, आठवडा लागतो" म्हणाला.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली आणि थोड्याच दिवसांत वरचा रंग खडूसारखा हाताला लागायला लागला. दोर घासतो तिथे पापुद्रे निघाले. ओहोटीला तळ उघडा पडला तेव्हा टणक कवचाचे शिंपले दाट चिकटलेले. होडी जड चालायची, पेट्रोल जास्त जायचं, आणि ते सगळं खरवडताना खालचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थरही ओरखडला.

विक्रेता ठाम, "तुम्ही रोलरने मारलात. हा स्प्रेचा रंग आहे." याच एका वाक्यावर असे लोक सुटतात. स्वतः रंगवणाऱ्याला वाटतं, आपलाच हात चुकला असेल. पण आमच्या होडीच्या आतल्या काठाला चुलतभावाकडचा जुना, बिलाचा पीयू लावला होता. तोच दिवस, तोच रोलर, तीच माणसं, आणि तो काठ आजही चकचकीत आहे. शिवाय त्याच कंपनीच्या माहितीपत्रकात ब्रश आणि रोलर दोन्ही चालतात असं स्पष्ट छापलंय. मग थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं दोन्हीकडे घासलं. काठावर फडकं पांढरंच राहिलं, बाहेरच्या अंगाला निळंशार झालं. म्हणजे डब्यात साधा ऑइलपेंट होता आणि हार्डनरच्या नावाखाली थिनर.

डबे नीट तपासल्यावर बाकीचं उमगलं. झाकणाच्या कडेला दुसऱ्याच रंगाचा सुकलेला थर, पत्र्यावर उचकटल्याच्या खुणा, उत्पादनाचा महिना-वर्ष खरवडलेला. वजनावरूनही कळतं, कारण तांब्याचा रंग लिटरला दीड किलोच्या वर भरतो. आमचा लिटरचा डबा काट्यावर सव्वा किलोच्या आत होता, तोही पत्र्यासकट. तेव्हा डबा घेण्याआधी हातात तोलून बघा. पीयू असेल तर त्यातला चमचाभर रंग प्रमाणात हार्डनर घालून फायबरच्या तुकड्यावर लावा, आठवडाभराने थिनरचं फडकं घासा आणि मगच होडीला हात लावा. बिल द्यायला नकार देणाऱ्याकडून तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

"होडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही" असंही आम्हाला ऐकवलं गेलं. हे खोटं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल धंद्यातला धरत नाहीत. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आमची नोंदवली आहे, शिक्क्याचा कागद आणि फोटो जोडलेत.

दापोली-गुहागर पट्ट्यात कोणी असा "गोदीतला माल" घेतला असेल तर रिकामे डबे भंगारात देऊ नका. झाकणासकट ठेवा, लेबलाचे आणि ट्रेमधल्या रंगाचे फोटो काढा, पैसे ऑनलाइन दिले असतील तर ती नोंदही जपून ठेवा.